अळणी

सकाळी सहाला रशीद खाटकाकडून
पावशेर कोंबडी येते, वेगळ्या पुडक्यात,
वर पेन्सिलीनं लिहिलेलं : 'लहान्याचं'.
बाकीचं साडेसात किलो मटण
बिननावाचं.

तीस वर्षं झाली, धुळ्यात आग्रा रोडच्या कडेला
माझी खानावळ. पाटीवर नाव द्वारकाबाई,
ट्रकवाल्यांच्या तोंडी नाव 'जाळ'.
कांदा निखाऱ्यात काळा होईस्तोवर,
खोबरं धुराला लागेस्तोवर,
आणि मिरची,
मिरचीला मी कधी मोजलं नाही.
पहिल्या घासाला ज्याच्या नाकातून पाणी आलं नाही
त्याला विचारायचे, बरं नाही का भाऊ?

अशा माझ्या दारी हे आलं.
पांझरेच्या पुलापाशी, फाटक्या टायरात,
मुठीएवढं, डोळ्यांत चीप.
आई रस्त्यावरच होती,
तिच्याबद्दल बोलत नाही.

जनावरांचे डॉक्टर, आडनाव वाघ,
माणूस मात्र शेळीसारखा.
म्हणाले, मीठ नको. तिखट नको.
कांदा नको, लसूण तर अजिबात नको.
शिजलेलं हाडूक चुकूनही नको.
मी म्हटलं, डॉक्टर, मग राहिलं काय?
ते म्हणाले, मांस.

रात्रभर ते माझ्या डोक्यात शिजत होतं.

लहान पातेलं काढलं, चहाचं.
पाणी, कोंबडी, मूठभर तांदूळ,
गंगाफळाची एक फोड.
हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे गेला.
डाव्या हातानं उजवा धरला,
चुलीकडे रांगत निघालेल्या पोराला धरतात तसा.

झाकण काढलं तर वास.
हा वास मला ठाऊकच नव्हता.
रोज मांस शिजवणारी मी,
आणि कोंबडीला असा वास असतो,
दुधाच्या जवळचा, ओल्या पिसांचा,
हे मला कुणी सांगितलं नाही.
सांगणार कोण? तिला तर
मीच बोलू दिलं नव्हतं.

बोटांनी हाडं काढते. एकेक.
मानेतली ती बारीक, मण्यांसारखी,
डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना दिसतात.
मग ताटली पंख्याखाली. मनगटाच्या आत
एक थेंब टेकवून बघते.
पोरांसाठी हे कधी केलं नव्हतं.
माझी पोरं गल्ल्यामागे बसून
रश्श्यात भाकरी चुरून वाढली,
रडत, नाक पुसत, अजून मागत.
थोरला पुण्याला आहे. पित्ताच्या गोळ्या खातो.

नाव ठेवलं अळण्या.
खाताना शेपटीसकट सगळा हलतो,
ताटली सरकत सरकत भिंतीपर्यंत जाते,
संपलं की भिंत चाटतो.

वैशाखातल्या एका दुपारी गुलाब पिंजारी आला,
बारा टायरवाला, इंदूरचा माल घेऊन.
एका बसणीत तीन वाट्या तर्री ओरपणारा गडी,
गालफडं बसलेली. पोटाचं ऑपरेशन म्हणे.
नुसतं ताक मागितलं.
मग नाक वर करून, लहान पातेल्याकडे बघत,
'हाई काय शे वं माय?'
कुत्र्याचं, मी म्हटलं.
'तिखट नई?'
नाही.
'मीठ?'
तेही नाही.
पंखा गरगरत होता.
'माले बी वाढ जरासं.'

काचेची वाटी काढली, पाहुण्यांची.
चिमूटभर मीठ टाकू का, विचारलं
तर त्यानं मान हलवली,
हो की नाही ते कळलं नाही.
टाकलं.
तो सावकाश जेवला. नाकातून पाणी आलं नाही.
बरं नाही का भाऊ, हे तोंडाशी आलेलं
मी पदरात पुसलं.
टेबलाखाली अळण्या त्याच्या चपलेवर बसून,
आपलं जेवण वर कसं गेलं या विचारात.

जाताना पैसे काढले. किती?
पाटीवर याचा भाव नाही.
म्हटलं, मालकाला विचार.
गुलाबनं खाली वाकून
खरोखरच विचारलं.

आता पातेलं एक नंबर मोठं घेतलंय.
दर आठवड्याला इंदूरहून येताना तो हॉर्न देतो,
आणखी एक क्लीनर आहे, त्याचंही पोट नाजूक.
रशीद म्हणतो, पावशेराचं अर्धा किलो झालं,
लहान्या वाढला वाटतं?
हो, म्हटलं. वाढलेत.